पक्कं बिल, छोटी लेन्स

मंडळी, आजचा लेख भांडणाचा आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे "शनिवारी सकाळी सकाळी एवढा का चिडलायस?" असं कोणी विचारायला नको.

भांडण कोणाशी? तर "बिल घेऊन काय करायचंय? फोटो बिल काढतं का?" असं विचारणाऱ्या माझ्या तमाम मित्रांशी. ट्रिपला निघताना पाठीवर सहा किलोची बॅग मारून "कशाचीही गरज पडू शकते रे" म्हणणाऱ्यांशी. आणि सगळ्यात जास्त म्हणजे २०२२ सालच्या माझ्याशी. तो प्राणी या दोन्ही जमातींचा अध्यक्ष होता.

तर झालं असं. दुसरी नोकरी लागली, पहिला बरा म्हणावा असा बोनस हातात आला आणि मला ७०-२०० एफ २.८ लेन्स घ्यायची हुक्की आली. का? कारण ती पांढरीशुभ्र किंवा काळीकुळकुळीत लांबलचक नळी गळ्यात असली की लोक वाट सोडतात. दुसरं काही कारण आज आठवून बघितलं तरी सापडत नाही. दुकानदार गोड माणूस. म्हणाला, "साहेब, पक्कं बिल पाहिजे तर भाव वेगळा. कच्च्यात देतो, माल तोच, डबा तोच." माझ्यातला इंजिनियर जागा झाला. जीएसटी १८ टक्के, म्हणजे लाखाच्या वस्तूवर अठरा हजार. एवढ्यात गोव्याची एक ट्रिप होते! मी कच्च्यात घेतली. उरलेले पैसे जमवायला कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ किट लेन्स ऑफिसातल्या एकाला विकली. किट लेन्स काय, नवशिके वापरतात.

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन हंपीला गेलो. आईला तिथलं विठ्ठल मंदिर बघायचंच होतं. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने हंपीला नेली आणि नाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, ती परत आणली ही कथा आपल्याकडे घराघरात माहीत आहे. हंपीचा तो गाभारा आज रिकामा आहे. आई त्याच्यासमोर बराच वेळ नुसती उभी होती. नंतर अंगणात आलो. समोर तो दगडी रथ, पन्नासच्या नव्या नोटेवर असतो तो. आई म्हणाली, "आमचा दोघांचा काढ रे, रथासकट."

आता गणित बघा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद. सहा मीटर रुंदीचं दृश्य चौकटीत बसवायचं तर ७० एमएमला मला जवळजवळ १८ मीटर मागे जावं लागणार. मी मागे जायला लागलो. मध्ये शाळेची सहल आली. अजून मागे गेलो, मध्ये एक गाइड त्याचा पंधरा जणांचा घोळका घेऊन आला. आई-बाबा उन्हात उभे, मी हातवारे करतोय, "थोडं डावीकडे!" त्यांना काही ऐकू येत नाहीये. विकलेल्या १८-५५ ने हेच काम साडेचार मीटरवरून झालं असतं. बोलता बोलता. शेवटी त्या गाइडनेच आईचा फोन घेतला आणि आम्हा तिघांचा रथासमोर एक फोटो काढून दिला. जरासा तिरका.

परतीची रात्रीची बस एका ढाब्यावर थांबली. मी चहाला उतरलो, आई-बाबा झोपलेले, बॅग सीटवर चादरीखाली. दहा मिनिटांनी चादर होती, बॅग नव्हती.

पुण्यात चौकीत गेलो. हवालदारसाहेब सज्जन होते, पाणी विचारलं. कॅमेऱ्याचं बिल मेलमध्ये होतं, कारण तो ऑनलाइन घेतलेला. सिरियल नंबरासकट तो व्यवस्थित लिहून घेतला. "लेन्सचं बिल?" नाही. "डबा?" फेकला. "नंबर कुठे लिहून ठेवलाय?" नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी सहज विचारलं, "मग ती तुमचीच होती कशावरून?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. घरातली तोपर्यंतची सगळ्यात महाग वस्तू, आणि ती माझी आहे हे सांगायला माझ्याकडे माझ्या तोंडाशिवाय काही नव्हतं. विमा असता तरी कंपनीने पहिलं बिलच मागितलं असतं. आणि लेन्सपेक्षा वाईट म्हणजे कार्ड कॅमेऱ्यातच होतं. दोन दिवसांचे सगळे फोटो त्याच्याबरोबर गेले. उरला तो आईच्या फोनमधला तिरका फोटो. तोच फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय.

इथपर्यंत ही फक्त माझ्या मूर्खपणाची गोष्ट आहे. भांडण पुढे आहे.

दोन महिन्यांनी एका मित्राने लिंक पाठवली. सेम लेन्स, सेकंडहँड, भाव अगदीच पडेल. "घेऊन टाक, तुझी गेलीये ना!" मी विकणाऱ्याला फोन केला, बिल विचारलं. "बिल हरवलं हो, डबा पण नाही. पण भाव बघा ना!" आणि माझ्या अंगावर काटा आला. हीच ती वाक्यं. मी चौकीत बोललेली. ती लेन्स माझी होती असं मी म्हणत नाही, ते कळायला मार्गच नाही. पण कुठल्यातरी चादरीखालून उचललेली कुणाची तरी लेन्स ज्याला विकली जाते तो ग्राहक कोण? मी. तुम्ही. महिन्याला बरे पैसे कमावणारे, "भाव बघ ना" म्हणणारे आपण. बिल न मागणारं गिऱ्हाईक नसेल तर चोराने ती नळी विकायची कोणाला?

आणि हे नुसतं नीतीचं प्रवचन नाही. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो घेणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४११ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१७ आहे. निम्म्याहून कमी भाव, डबा नाही, बिल नाही, भेटायची जागा पुलाखाली. "मानायला कारण" यापेक्षा वेगळं काय असतं?

आता तुमचे आक्षेप. मला पाठ आहेत, मीच ते शोधलेत.

"ग्रे मार्केटचा माल खोटा नसतो, त्याच फॅक्टरीतला असतो." बरोबर आहे. बहुतेक वेळा असतोच. पण तो कंपनीच्या अधिकृत वाटेने आलेला नसतो, त्यामुळे इथली वॉरंटी त्याला लागू होईलच असं नाही. आतली मोटार बसली की दुकानदार म्हणणार "सर्व्हिस सेंटरला जा" आणि सर्व्हिस सेंटर म्हणणार "ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे जा". तुम्ही मध्ये, टेबल टेनिसच्या चेंडूसारखे.

"सरकारला अठरा टक्के का द्यायचे?" हा टॅक्सवरचा राग मला समजतो. पे स्लिप मीही बघतो. पण आधी तो २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यांवर १८ झाला. तेव्हा यातल्या किती जणांनी पक्कं बिल घ्यायला सुरुवात केली? राग टॅक्सचा नसतो हो. आपल्याला 'डील' मारल्याचं सुख हवं असतं.

"पक्क्या बिलात मला हवी ती लेन्स परवडत नाही." आलं! खरा मुद्दा हा आहे. बिल सोडून वाचवलेल्या पैशातून आपण काय घेतो? तर जिची आपल्याला गरज नाही अशी मोठी लेन्स. कच्चं बिल आणि जड बॅग हे दोन वेगळे आजार नाहीत, एकच आहे. गरजेची लेन्स घेतली तर पक्कं बिल आपोआप परवडतं.

मग गरजेची लेन्स कोणती? कोणाला विचारू नका, स्वतःचे जुने फोटो विचारा. फोटो सांभाळायच्या कुठल्याही बऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थप्रमाणे फोटो वेगळे करता येतात. फक्त ट्रिपचे, तुम्हाला खरंच आवडलेले फोटो घ्या. माझे बहुतेक ३५ च्या आसपासचे निघाले. २०० चे जे होते ते सगळे एकाच दुपारी काढलेल्या एका माकडाचे. डेटावर विश्वास ठेवायचा पगार घेतो आपण, इथेही ठेवूया की.

क्रॉप सेन्सर असेल तर १८-५५ किंवा तशीच एखादी छोटी झूम, आणि जोडीला एक ३५ एफ १.८. देवळातल्या अंधारात १.८ ही ५.६ च्या नऊ-दहा पट प्रकाश आत घेते, म्हणजे फ्लॅश न मारता समईच्या उजेडात आजीचा चेहरा मिळतो. आणि ३५ एमएम एफ १.८ चं वजन किती? निकॉनची क्रॉप सेन्सरवाली घ्या, २०० ग्रॅम. ७०-२०० एफ २.८ साधारण दीड किलोची असते. दीड किलो बटाटे गळ्यात अडकवून राजगड चढून दाखवा, मग बोलू. हेन्री कार्तिये-ब्रेसाँने आयुष्यातलं बरंचसं काम लायका आणि ५० एमएमवर केलं, जे क्रॉप सेन्सरवर साधारण ३५ ला येतं. ३० जानेवारी १९४८ ला तो गांधीजींना भेटला, त्यांचे फोटो काढले, आणि त्याच संध्याकाळी त्यांची हत्या झाली. "थांबा बापू, लेन्स बदलतो" म्हणायला दुसरी संधी नव्हती.

ताडोबाला वाघ बघायला चाललात? मग लांब लेन्स लागणार, मान्य. भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत मिळते. ताब्यात घेताना दुकानातच तिचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा. वर्षातून तीन दिवस लागणाऱ्या वस्तूसाठी लाख रुपये कपाटात ठेवून तिच्यात बुरशी वाढवणं ही काही हौस नाही.

सेकंडहँडला माझा विरोध नाही. मिररलेसच्या लाटेत चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्सेस स्वस्तात मिळतात, जरूर घ्या. पण असं घ्या: डब्यावरचा, लेन्सवरचा आणि बिलावरचा नंबर जुळवून. फोनचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या हवेत हमखास. सपाट भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढा, चारही कोपरे सारखे स्पष्ट हवेत. जवळ आणि लांब दोन्हीकडे ऑटोफोकस चालवून बघा. आणि लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर लावूनच बघा. निकॉनची जुनी ५० एमएम १.८ डी, डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतल्या बॉडीवर लागते झकास, पण ऑटोफोकस होत नाही, कारण त्या बॉडीत मोटारच नाही. बरेच जण हे घरी येऊन शिकतात.

"मी फौजी आहे, बदली झालीये, आधी पाठवणावळ टाका" म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका. आपली वस्तू विकताना कोणी "पैसे मिळायला पिन टाका" म्हणालं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. फसलातच तर लगेच १९३० ला फोन करा.

बिलाचा फोटो आणि सिरियल नंबर स्वतःलाच मेल करा, आज, आत्ता. परदेशी जाताना महागडी सामग्री असेल तर विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेता येतं, म्हणजे परत येताना "हे तिकडून आणलं का?" या प्रश्नाला उत्तर असतं. तिथेही बिल आणि नंबर कामाला येतात. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फोटोत बॉडीचा, कधी लेन्सचाही नंबर लपलेला असतो, तोही काढून ठेवा. आणि ट्रिपमध्ये रोज रात्री कार्डची कॉपी काढून ते खिशात. लेन्स परत विकत घेता येते. रिकाम्या गाभाऱ्यासमोर उभी असलेली आई परत मिळत नाही.

मागच्या वर्षी ३५ एमएम घेतली. पक्कं बिल. दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारलं, "कच्च्यात देऊ?" मी नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं. असो. बॅग हलकी आहे, आणि ती माझीच आहे कशावरून, हे आता मला सांगता येतं.