आधी छेद घालवा

महाप्याहून या, मुंब्र्याहून या नाहीतर कल्याणहून, शिळफाट्याची कोंडी काही चुकत नाही. दमूनभागून घरी पोचता आणि आठवीतलं पोर वही पुढे करतं. समीकरण असतं, त्यात अपूर्णांक असतात. तुम्ही म्हणता, "मला नाही येत. क्लासमध्ये विचार."

एवढ्यात हात टेकू नका. घरखर्च सांभाळणाऱ्याला हे जमतं.

पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात जातो. चौथा हिस्सा वाणसामानात. हातात १०,००० रुपये उरतात. तर पगार किती? पोराला लिहायला सांगा:

क्ष/३ + क्ष/४ + १०,००० = क्ष

लगेच बेरीज-वजाबाकीला हात घालू देऊ नका. आधी छेद घालवा. छेद ३ आणि ४. दोघांनीही भाग जाईल अशी लहानात लहान संख्या १२, म्हणजेच लसावि. आता दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला १२ ने गुणा. १०,००० च्या खाली छेद नाही म्हणून त्याला वगळू नका. सगळ्यात जास्त मुलं इथेच घसरतात.

४क्ष + ३क्ष + १,२०,००० = १२क्ष

म्हणजे ५क्ष = १,२०,०००. पगार २४,०००. ताळा करा. भाडं ८,०००, सामान ६,०००, उरले १०,०००. जमलं.

क्ष बघूनच धास्ती वाटते? मग पगार १२ रुपये धरा. भाडं ४, सामान ३, उरले ५. खरे उरलेत १०,०००, म्हणजे ५ च्या दोन हजारपट. मग पगारही १२ च्या दोन हजारपट. तेच २४,०००.

ही युक्ती माझी नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त तिला 'इष्टकर्म' म्हटलंय. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. 'लीलावती'त भुंग्यांचं एक गणित आहे. थव्याचा पाचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा दुसऱ्यावर. या दोन हिश्श्यांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या फुलावर, आणि एक भुंगा घुटमळत राहिला. थवा ३० चा धरा. ६, १० आणि १२ गेले, उरले २. खरा उरलाय एक, म्हणून थवा १५ चा. शाळा लवकर सुटलेल्या आईलाही हे करता येईल. परीक्षेत मात्र क्ष मांडूनच लिहू द्या.

आता एक खड्डा दाखवतो.

क्ष/२ − (क्ष − १)/३ = २

वहीत ही उभी मांडणी असते, तिथे कंस दिसत नाही. छेदावरची आडवी रेघच कंसाचं काम करत असते. छेद गेला की रेघ जाते, म्हणून कंस हाताने घालावा लागतो. ६ ने गुणल्यावर ३क्ष − २(क्ष − १) = १२. कंस सोडवताना उणे आतल्या दोन्ही पदांना लागतो: ३क्ष − २क्ष + २ = १२. क्ष = १०. कंस विसरून कोणी −२ लिहिलं तर उत्तर १४ येतं. ते मूळ समीकरणात घाला, ७ वजा १३/३. दोन होत नाहीत. चूक तिथल्या तिथे सापडते.

कॅल्क्युलेटरवर १/३ चे ०.३३ करू देऊ नका. उत्तर जरासं चुकतं आणि ताळा कधीच नीट बसत नाही.

उत्तर चुकलं तर ओरडू नका. "लसाविने सगळ्यांना गुणलंस का? कंस घातलास का? ताळा केलास का?" एवढंच विचारा. त्यासाठी तुम्हाला गणित येण्याचीही गरज नाही. केवळ या धड्यापायी जादा क्लासचे पैसे भरायची तर मुळीच नाही.

पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्या. आठवीचं 'एकचल समीकरणे' हे प्रकरण उघडा आणि जेवणं झाली की रोज दोनच उदाहरणं, पण ताळ्यासकट, सोडवून घ्या.