रान वाचणारे हवेत, बाण सोडणारे नकोत

तुंगारेश्वरचं रान सरकारी, म्हणजे आपल्या सगळ्यांचं. मग रीतसर परवाना घेऊन, बंदुकीला हात न लावता, निव्वळ धनुष्यबाणाने वर्षाकाठी एखादं चितळ मारायला हरकत कोणती? वसई-विरार पट्ट्यातल्या काही तरुणांकडून हा प्रश्न अलीकडे ऐकू येतो. विचारणारे चोरटे शिकारी नाहीत. शिकलेली, डोंगर चढणारी, रानाची ओढ असलेली ही मंडळी आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेला कुणी आतेभाऊ तिथल्या सरकारी जंगलात परवाना काढून हरणामागे जातो, नकाशा वाचतो, वारा बघतो, झाडावर तासन्‌तास बसतो. ते फोटो पाहिले की इथल्या माणसाला वाटतं, हे आपल्याकडे का नाही? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी त्यांचा पक्ष पुरता मांडतो. एक, जंगल सार्वजनिक आहे, त्यावर नागरिकाचा हक्क आहे. दोन, अमेरिकेत शिकाऱ्यांच्याच पैशावर वन्यजीव वाचले. तीन, बंदुकीपेक्षा धनुष्य न्याय्य, कारण जनावराला निसटायची संधी मिळते. चार, तिरकमठा ही या मातीची परंपरा आहे, वारली चित्रांत तो आजही दिसतो. पाच, रानातली जनावरं शेतीची नासाडी करतात, तेव्हा थोडी शिकार शेतकऱ्याच्याही हिताची. हे पाचही मुद्दे ऐकायला बिनतोड वाटतात. तपासले की एकही टिकत नाही.

हक्काचा मुद्दा आधी घेऊ. तुंगारेश्वर 2003 साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर. खाडीपलीकडे दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ईशान्येला तानसा अभयारण्य, आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे हे रान. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेकायदा मारलेला, पकडलेला किंवा मेलेला सापडलेला वन्य प्राणीही सरकारची मालमत्ता ठरवला आहे. सरकारी रस्ता सर्वांचा असतो म्हणून त्यावरचा दिव्याचा खांब कुणी उपटून घरी नेत नाही, तसंच हे आहे. कायद्याने शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाण, जाळी आणि फासे यांची नावं घेतली आहेत, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायलाच मनाई केली आहे. शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही येतो. बाण चुकला म्हणून गुन्हा चुकत नाही. अभयारण्यात शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय दंड.

यावर ते म्हणतात, कायदा बदला. पूर्वी परवाने मिळतच होते ना? होय, मिळत होते. 1951 चा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा होता तेव्हाही शिकारीला परवाने होते. त्या परवान्यांच्या राज्यात काय झालं, तेही सांगायला हवं. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं, वाघ झपाट्याने घटले, आणि शेवटी 1972 चा कायदा करावा लागला. 1991 च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही बंद केले. परवान्याचा प्रयोग या देशाने करून पाहिला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे.

आता अमेरिका. तिथला इतिहास खरा आहे आणि तो नाकारण्याचं कारण नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. मग शिकारीचे हंगाम ठरले, मर्यादा आल्या, 1937 मध्ये शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीव-संवर्धनाकडे वळवणारा कायदा झाला, पुढे धनुष्यबाणांवरही 11 टक्के कर बसला. आज ती हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. पण हे चित्र अर्धंच आहे. पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांतून लांडगा आणि प्यूमा माणसाने आधीच संपवले होते. हरणांना आवर घालणारं कुणी उरलं नाही, ती जागा शिकाऱ्याने घेतली.

तुंगारेश्वरमध्ये ती जागा रिकामी नाही. तिथे बिबट्या आहे. चितळ, सांबर, भेकर हे त्याचं अन्न, आणि म्हातारं, आजारी, बेसावध जनावर उचलण्याचं काम तो कुठलाही कर न लावता करतो. त्याच्या ताटातलं आपण छंदापायी काढून घेतलं तर तो उपाशी बसणार नाही, वस्तीकडे येईल. संजय गांधी उद्यानातल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासांत चितळ-सांबरांबरोबर कुत्र्यांचेही अवशेष सापडले आहेत. 2024 च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला आणि एप्रिलमध्ये पिंजऱ्यात सापडेपर्यंत किल्ल्याच्या परिसरातली माणसं संध्याकाळनंतर जीव मुठीत धरून होती. तो किल्ल्यापर्यंत कसा आला हा वेगळा विषय. पण बिबट्या वस्तीजवळ आला की काय होतं, हे वसईकरांनी पाहिलं आहे. अशा ठिकाणी रानातलं भक्ष्य कमी करण्याची मागणी करणं म्हणजे संकटाला हाताने बोलावणं आहे.

शिवाय या रानाचा आकार बघा. एका बाजूला मुंबई-अहमदाबाद महामार्ग, दुसरीकडे चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता आणि वसई-दिवा लोहमार्ग, सभोवती वाढत चाललेल्या चाळी आणि गोदामं. या चौकटीत अडकलेल्या कळपाला अमेरिकेतल्या अफाट सरकारी जंगलांचा नियम लावता येत नाही.

धनुष्य न्याय्य असतं, हा मुद्दा सर्वांत मोहक आणि सर्वांत फसवा. रायफलीची गोळी धक्क्याने जनावर पाडते. बाण तसं करत नाही. त्याचं पातं आत शिरून रक्तवाहिन्या कापतं आणि जनावर रक्त वाहून मरतं. बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला तर हे थोडक्यात आटोपतं. तो हातभर मागे, पोटात लागला तर जनावर कित्येक तास जिवंत राहतं. अमेरिकेतले जाणते धनुर्धारी नवख्यांना शिकवतात की बाण पोटात लागला तर लगेच मागे जाऊ नका. तासन्‌तास थांबा, जनावराला कुठेतरी बसू द्या, मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढा. म्हणजे हा विलंब त्या शिकारीच्या शिस्तीतच धरलेला आहे.

आता तोच माग तुंगारेश्वरच्या उतारावर काढून पाहा. पावसाळ्यात एक सर आली की रक्त धुऊन जातं. हिवाळ्यात सागाच्या वाळक्या पानांचा थर असतो, त्यावर पडलेला थेंब पान उलटलं की दिसत नाही. करवंदीच्या जाळीत सांबर शिरलं तर माणसाला गुडघ्यावर रांगावं लागतं. ज्या शहरी शिकाऱ्याने ते रान यापूर्वी पाहिलेलंच नाही, त्याला जखमी सांबर कोणत्या ओहोळाकडे उतरेल हे कसं कळणार? ते जनावर कुठेतरी तडफडून मरेल आणि शिकारी रिकाम्या हाताने परत जाऊन बाण चुकला असं समजेल. जनावराला संधी मिळते म्हणतात ती ही.

परक्या रानात धोका जनावरालाच असतो असंही नाही. या जंगलात सकाळ-संध्याकाळ माणसं असतात. काटक्यांना गेलेल्या बाया, गुरांमागची पोरं, तुंगारेश्वराच्या दर्शनाला श्रावणात आणि महाशिवरात्रीला लोटलेले भाविक, चिंचोटीच्या धबधब्यावर जाणारी तरुण मुलं. 2025 च्या जानेवारीअखेरीस याच जिल्ह्यात, मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात, रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीतल्या एकाने झाडीतली हालचाल पाहून गोळी घातली. ती लागली त्याच्याच सोबत्याला. माणूस गेला, आणि भेदरलेल्या सोबत्यांनी त्याचा मृतदेह झुडपात लपवला. तिथे बंदूक होती, धनुष्य नव्हतं, हे खरं. पण झाडीतली हालचाल आणि मनातलं डुक्कर यांची गल्लत बंदुकीमुळे झाली नव्हती. ती गल्लत धनुष्य हातात असतानाही होते. आणि ही तर त्याच मुलखातली माणसं होती. मग ज्याला गावही ठाऊक नाही आणि पायवाटही, त्याच्याबद्दल काय बोलावं?

परंपरेच्या मुद्द्यावर मला विशेष तळमळीने बोलायचं आहे, कारण इथे दुसऱ्याच्या खांद्यावर धनुष्य ठेवून बाण सोडला जातो. वारली, कातकरी, मल्हार कोळी, कोकणा या समाजांत शिकार होती. ती पोटासाठी होती आणि आपल्याच पाड्याच्या, पिढ्यान्‌पिढ्या पायाखालच्या रानात होती. त्याच वारल्याच्या रानाच्या कडेला शेंदूर लावलेला वाघोबाही आहे. जनावराचं देणं मानणारी ती व्यवस्था होती. इंग्रजांनी जंगलं राखीव केली तेव्हा ती मोडली. पुढे सावकार आणि जमीनदारांच्या वेठीला जुंपलेल्या या माणसांनी 1945 मध्ये लढा उभारला, गोदावरी परुळेकरांनी तो 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहून ठेवला. त्यांना वनहक्क मिळायला 2006 साल उजाडलं. त्या वनहक्क कायद्यानेही परंपरागत हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. वन्यजीव कायद्याने अपवाद केला तो निकोबार बेटांवरच्या आदिवासींपुरता.

म्हणजे ज्याची परंपरा, त्या कातकऱ्याने भुकेपोटी ससा धरला तर त्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि त्याच्या परंपरेचं नाव घेऊन शहरातल्या माणसाने महागड्या कंपाउंड धनुष्याला परवाना मागायचा? हा अन्याय आहे. परंपरेबद्दल खरंच आदर असेल तर आधी त्या पाड्यांच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यांसाठी उभं राहिलं पाहिजे.

राहिला शेतीचा मुद्दा. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. भाताच्या खाचरात रानडुकरांचा कळप एका रात्रीत काय करतो ते ज्याचं शेत त्यालाच ठाऊक. पण त्यावर उपाय म्हणून हौशी शिकाऱ्याने अभयारण्यातलं चितळ मारावं, हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असंच झालं. उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावराबाबत वन्यजीव कायद्यात परवानगीची तरतूद आहे, पिकाच्या नुकसानभरपाईची योजनाही आहे. पंचनामा वेळेवर व्हावा, भरपाई हातात पडावी, कुंपणाला मदत मिळावी, यासाठी भांडा. शेतकरी मनापासून साथ देईल.

खंडन इथे संपलं. पण नुसतं नको-नको म्हणून भागत नाही, कारण या तरुणांची ओढ खोटी नाही. अनोळखी रानात शिरावं, ते हळूहळू उलगडावं, जनावराला कळू न देता त्याच्या जवळ पोचावं, ही माणसाची फार जुनी आणि फार चांगली इच्छा आहे. माझं म्हणणं असं की या विद्येतला शेवटचा बाण गाळला तर विद्येचं काहीही कमी होत नाही.

ओहोळाच्या काठी ओल्या मातीत भेकराचा खूर उमटतो, जेमतेम दोन बोटांएवढा, पुढे निमुळता. कडा धारदार असतील तर तो आजचा. कडा ढासळून त्यात वाळकं पान पडलं असेल तर कालचा. सांबराने शिंगं घासलेल्या झाडाची साल छातीएवढ्या उंचीवर सोललेली असते, चिकात एखादा राठ केस अडकलेला असतो. झाडावर माकडं फळं खात असतील तर खाली पडलेलं वेचायला चितळं जमतात. आणि तिन्हीसांजेला एखादं भेकर भुंकायला लागलं, मग पुढच्या वळणावर दुसरं, तर या दोन आवाजांच्या मधून बिबट्या चालला आहे असं समजावं. हे सगळं वाचायला शिकारीचा परवाना लागत नाही, गुरू लागतो. तो गुरू पारोळ, भाताणे, सकवार या बाजूच्या पाड्यांवर आजही आहे. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत आदिवासींकडून जे ज्ञान गोळा केलं ते या जातीचं होतं. आपल्या पट्ट्यात ते गोळा करायला कुणी बसत नाही आणि जाणती माणसं थकत चालली आहेत.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. अभयारण्याच्या कडेच्या पाड्यांतल्या जाणत्यांना वाटाडे आणि माग काढणारे म्हणून वनखात्याने बारमाही पगारावर घ्यावं. बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेपुरतं बोलावून सोडून देऊ नये. उन्हाळ्यात पाणवठे आटतात आणि उरलेल्या डबक्यांकडे जाणाऱ्या वाटांवर दुचाकीच्या क्लच-वायरचे फासे लागतात. गुडघ्याच्या उंचीवर, गवताच्या रंगात मिसळलेला तो फासा शहरी डोळ्याला दिसत नाही. तो शोधून काढणाऱ्या गस्ती गावकरी आणि तरुणांनी मिळून घालाव्यात. आणि तानसा ते संजय गांधी उद्यान हा जनावरांचा रस्ता प्रत्येक नव्या महामार्गाच्या आखणीत आधी धरला जावा.

धनुष्याचं काय? धनुष्य जरूर उचला. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. तेच कंपाउंड धनुष्य, तोच श्वास रोखणं, तीच नजर. साताऱ्यात आणि नागपुरात हे घडतं तर वसई-विरार महापालिकेच्या मैदानांवर का घडू नये? पाड्यावरच्या मुलामुलींना तिथे आधी जागा द्या, तिरकमठ्याची परंपरा खऱ्या अर्थाने पुढे जाईल.

दर वर्षी 2 ऑक्टोबरला ग्रामसभा भरते आणि वन्यजीव सप्ताहही त्याच आठवड्यात येतो. परवान्याची मागणी करणाऱ्या तरुणांनी त्या दिवशी रानाकडेच्या एखाद्या गावात जावं, फासे काढणाऱ्या गस्तीचा ठराव मांडायला गावकऱ्यांना मदत करावी आणि गस्तीत स्वतःचं नाव घालावं. हरणामागे परक्या रानात मैलोन्‌मैल चालण्याची ताकद त्यांच्यात आहे, हे ते स्वतःच सांगतात. तुंगारेश्वरला आज त्याच ताकदीची गरज आहे.