रक्ताचा जोर कुठे किती?

दंडाला पट्टा बांधून डॉक्टर १२० आणि ८० असे आकडे सांगतात, ते रोहिणीतल्या दाबाचे, पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजलेले. शरीरभर हाच जोर असतो असे मात्र नव्हे. हृदयाने लोटलेले रक्त बारीक फाट्यांतून जाताना आपला जोर खर्चीत जाते. केशवाहिन्यांत दाब ३५ वरून १५ च्या आसपास उतरतो. नीलेतून हृदयाशी परत पोचेपर्यंत तो जवळजवळ शून्यावर येतो.

फराळाच्या धांदलीत विळी लागली, तर हा फरक डोळ्यांना दिसतो. केशवाहिन्यांतले रक्त पाझरते, नीलेतले काळसर रक्त संथ वाहते. रोहिणीतले लालभडक रक्त नाडीच्या ठोक्याबरोबर उसळते.

उपाय एकच : आतल्या दाबाहून बाहेरचा दाब अधिक हवा. नीलेला थोडका पुरतो, रोहिणीला चांगला जोर लावावा लागतो. म्हणून हळद शोधीत बसू नये. स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबावे, हात उंच धरावा, दहा मिनिटे फडके उचलून पाहू नये. रक्त उसळत असेल, तर तसेच दाबून धरून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. घरातल्या मुलांनाही एवढे शिकवून ठेवावे.