रोबोट सहकारी झाला तर?

कामावर रोबोट येणार म्हटलं की घरात पहिला प्रश्न असतो, "नोकरी राहील ना?" दुसरा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. नोकरी राहिली, तर ती करावीशी वाटेल का?

जपानमध्ये नागासाकीजवळ 2015 साली 'हेन ना' हे हॉटेल सुरू झालं. स्वागताला बोलणारा डायनासोर, सामान न्यायला रोबोट, खोलीत गप्पा मारायला छोटी बाहुली. पाहुणे खूश! पण या बाहुलीला घोरणंही बोलणंच वाटायचं. "नीट कळलं नाही, पुन्हा सांगा," असं म्हणत ती झोपलेल्यांना उठवायची. स्वागतकक्षातल्या रोबोटना पाहुण्यांच्या साध्या प्रश्नांची उत्तरं देता येईनात, मग कर्मचाऱ्यांनाच धावावं लागायचं. काम कमी व्हायचं सोडून वाढलं. शेवटी 2019 च्या सुमारास हॉटेलने 243 पैकी निम्म्याहून जास्त रोबोट काढून टाकले.

आता आपल्या केरळमधली गोष्ट पाहा. 2015 मध्ये कोझिकोडला मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार गुदमरून गेले. त्यांना वाचवायला उतरलेला रिक्षाचालकही परत आला नाही. ही घटना केरळमधल्या काही तरुण इंजिनियरांच्या मनाला लागली आणि त्यांनी 'बँडिकूट' नावाचा रोबोट बनवला. 2018 मध्ये तिरुवनंतपुरममध्ये तो कामाला लागला. कोळ्यासारखे पाय पसरून तो खाली उतरतो आणि गाळ बादलीत भरून वर आणतो. सफाई कामगारांनाच तो चालवायचं प्रशिक्षण मिळालं. जो माणूस जीव मुठीत धरून घाणीत उतरायचा, तो आता वर उभा राहून स्क्रीनवर बघत मशीन चालवतो. लोक त्याला ऑपरेटर म्हणतात. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी हा बदल किती मोठा असेल!

दोन्हीकडे रोबोटच. पण एकीकडे माणसं रोबोटची उस्तवार करत बसली, तर दुसरीकडे रोबोटने माणसाचा धोका स्वतःकडे घेतला आणि माणसाचा मान वाढला.

म्हणून तुमच्या कामावर एखादं नवं मशीन येणार असेल, तर घाबरण्याआधी वरिष्ठांना तीन प्रश्न विचारा. हे मशीन माझं कुठलं काम घेणार? ते चालवायला मला कोण शिकवणार? आणि वाचलेल्या वेळात मी काय करणार?

उत्तरं पटली, तर या नव्या सहकाऱ्याचं स्वागत करायला हरकत नाही!