सदतीसचं गणित

२१ जून २०२२. आदल्या रात्री विधान परिषदेचा निकाल लागला होता आणि सकाळी बातमी फुटली: शिवसेनेचे एकनाथ शिंदे ‘नॉट रीचेबल’, आमदारांसह सुरतेत. डुमस रस्त्यावरच्या ल मेरिडियन हॉटेलला पोलिसांचा गराडा, फाटकाबाहेर मराठी वाहिन्यांचे बूम आणि पडद्यावर सतत बदलणारा आमदारांचा आकडा.

मी ज्याचं ऐकत होतो तो जुना बातमीदार मात्र आकडा सांगायलाच तयार नव्हता. स्टुडिओतून विचारून थकले. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावत होता: शिवसेनेचे ५५ आमदार आहेत, पक्षांतरबंदीच्या दोन-तृतीयांशाला ३७ लागतात, तेवढे जमतात का बघा. पक्कं झालेलं नसेल ते नाव त्यानं घेतलं नाही. २२ च्या पहाटे विमानतळावर शिंदे म्हणाले, ४० जण सोबत आहेत, आणि विमान गुवाहाटीला गेलं. ज्यानं दिवसभर ते गणित ऐकलं होतं त्याला राज्य सरकारचं भवितव्य तिथंच कळलं.

ही जाण कुठून येते? विधान भवनाच्या पायऱ्यांवर बातमी नसताना घालवलेल्या दिवसांतून. आमदाराचा पीए, ड्रायव्हर, तालुक्यातला कार्यकर्ता ओळखीचा असावा लागतो. उस्मानाबादचे आमदार कैलास पाटील सुरतेच्या वाटेतच निसटून पावसात चालत, मिळेल त्या वाहनानं परतले. असं काही फाटकावर कॅमेरा लावून कळत नाही. आपला फोन कुणीतरी उचलतं म्हणून कळतं.

याच सुरतेत डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेस फुटली, तेव्हा हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज वार्ताहर मंडपात हजर होता. टिळक व्यासपीठावर ठाम उभे असताना एक जोडा भिरभिरत आला. तांबूस चामड्याचा, टोकदार, तळव्याला शिसं ठोकलेला मराठी जोडा. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला, इथपर्यंत त्यानं टिपून ठेवलं. आज मंडपाची जागा हॉटेलनं घेतली आहे आणि वार्ताहर रस्त्यावर आहे. म्हणून तर जुन्या ओळखींचं मोल वाढलं.

पण अशा ओळखी जोडायला वेळ लागतो. पत्रकार राजदीप सरदेसाई १९९४ मध्ये एनडीटीव्हीत गेले, त्याआधी १९८८ पासून ते टाइम्स ऑफ इंडियात होते. टीव्हीवर येण्यापूर्वी छापील बातमीत मुरायला त्यांना अशी वर्षं मिळाली. आजची पोरं पहिल्याच महिन्यात लाइव्हला उभी राहतात. सकाळी फोनो, दुपारी बाइट, संध्याकाळी चर्चेसाठी पाहुणे गोळा करायचे. माणसांना भेटणार कधी? पोरं हुशार आहेत, कष्टाळू आहेत. मला त्यांची काळजी वाटते. असाइनमेंट डेस्कवरच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: आठवड्यातला एक दिवस तरी त्यांना बूम न देता मंत्रालयात पाठवा, आणि संध्याकाळी ‘काय आणलंस’ असं विचारू नका.