सामाईक पूर्वज आणि पाठांतरबहाद्दर

बायनरी सर्च ट्रीमधल्या दोन नोड्सचा सगळ्यात जवळचा सामाईक पूर्वज शोधा! इंटरव्ह्यूला बसलेल्यांना हा प्रश्न काही नवा नाही. पण मंडळी, त्याचं पाठ केलेलं उत्तर देणाऱ्यापेक्षा ते मान डोलावत ऐकून घेणारा इंटरव्ह्यूवाला जास्त दोषी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाठ केलेलं उत्तर कुठलं? डाव्या फांदीत शोधा, उजव्या फांदीत शोधा, दोन्हीकडे एकेक सापडला की हाच पूर्वज. चूक नाही हो! पण हे कुठल्याही बायनरी ट्रीचं उत्तर झालं. मग प्रश्नात 'सर्च' हा शब्द काय शोभेला घातलाय? डावीकडे लहान, उजवीकडे मोठे, एवढी सोय असताना अख्खं झाड धुंडाळायचं म्हणजे शब्दकोश पहिल्या पानापासून वाचत सुटणं.

समजा वर ५० आहे, खाली ३० आणि ७०. ३०च्या खाली २० आणि ४०, ४०च्या खाली ३५ आणि ४५. आता २० आणि ४५चा पूर्वज हवाय. दोघेही ५०पेक्षा लहान, म्हणून डावीकडे. ३०पाशी एक लहान, एक मोठा. वाटा फुटल्या, थांबा. (दोघांपैकी एक स्वतःच वाटेत भेटला तरी थांबायचं, तोच पूर्वज.) चार ओळींचा लूप, रिकर्शन नाही, स्टॅक नाही. दहा लाख नोड्सचं झाड नीट समतोल असेल तर फार तर २० नोड्स बघावे लागतात. त्या पाठांतरात दहाही लाख बघायची वेळ येऊ शकते.

माझ्या एका ज्युनिअरने हाच लूप लिहिला तर एका कंपनीत (नाव नको) त्याला ऐकवलं, "रिकर्शन येत नाही का?" आणि घरी पाठवलं. च्यायला, नोकरी गेली ना पोराची!

विचारायचंच तर हे विचारा ना: ४५ झाडात नसेलच तर? हा लूप तरीही बिनदिक्कत ३० सांगतो. किंवा आकडे चढत्या क्रमाने एकेक घातले तर? समतोल राखणारं झाड नसेल तर त्याची सरळ साखळी होते आणि ते २० जातात बाराच्या भावात. हे कोणी विचारत नाही, कारण उत्तरांच्या यादीत ते नसतं. काहींना तर इथेही टार्जनचा १९७९चा अल्गोरिदम ऐकायचा असतो. अहो, तो एकाच झाडावर ढीगभर प्रश्न आधीच माहीत असतील तेव्हासाठी!

आणि 'प्रत्यक्षात कुठे लागतं हे?' म्हणणाऱ्यांनी गिट बघावं. दोन ब्रांच मर्ज करताना ते सामाईक पूर्वजच शोधतं. फक्त तिथे झाड नाही, एका कमिटला दोन पालक असू शकतात, त्यामुळे सारख्याच लायकीचे दोन पूर्वजही निघतात. आता म्हणा बघू तिथे ते पाठ केलेलं डावं-उजवं.