तहान लागण्यापूर्वीची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणतात सगळे, पाळतात थोडे. पूर ओसरला की नाल्याकाठच्या घरांची चर्चा होते, वीज पडून कोणी दगावले की वीजवाहक तारेची चौकशी सुरू होते. याबद्दल सरकारवर, ग्रामपंचायतीवर, पुढाऱ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला जिच्याविषयी लिहायचे आहे तिच्याकडे मात्र या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही. ती म्हणजे दर रविवारी उपासनेला जमणारी ख्रिस्ती मंडळी. अशाच एका मंडळीत मी लहानाचा मोठा झालो. घरचे बोलणे घरच्याच माणसाने बोललेले बरे.

आपल्या भागातील मंडळ्यांचे संकटाशी नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ आले. मिशनांनी त्या वेळी अन्न दिले, अनाथ पोरे सांभाळली. माझ्या पणजोबांचे वडील अशाच एका अनाथालयात वाढले, असे आमच्या घरात सांगतात. म्हणजे त्या दुष्काळात कोणी हात दिला नसता, तर हा लेख लिहायला मी नसतो!

पण त्याच काळातील एक उदाहरण मला अधिक बोलके वाटते. पंडिता रमाबाईंनी आपले आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळातच गमावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. या मुलींना ठेवायचे कोठे? शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला जमीन अगोदरच घेतलेली होती. तीच कामी आली आणि तेथे मुक्ती मिशन उभे राहिले. बाईंची कणव थोर होतीच. परंतु हाताशी जमीन नसती, तर नुसत्या कणवेने काय झाले असते? आपण रमाबाईंच्या कणवेचे गोडवे गातो, त्यांच्या दूरदृष्टीचा धडा मात्र गिरवत नाही.

आमच्या मंडळ्यांना एक सवय जडली आहे. मदत बाहेरून येईल, ही ती सवय. कधी ती परदेशातून आली, कधी मुंबईहून, कधी दिल्लीहून. फाळणीच्या वेळी १९४७ साली निर्वासितांसाठी सुरू झालेली ‘कासा’ ही चर्चची संस्था ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही मदतीला धावली. अशा संस्थांचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यांची गाडी कितीही लवकर निघाली तरी पोचायला वेळ लागतोच. पहिले काही तास असतात ते शेजाऱ्याचे. किल्लारीत दगडमातीच्या भिंती कोसळल्या त्या पहाटे चारच्या सुमारास. त्या अंधारात ढिगारा उपसायला जो उभा राहिला, तो शेजारीच. शिवाय बाहेरून आलेले एक दिवस परत जातात. यवतमाळात १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरीसुद्धा १९८३ साली पुण्याला गेली. राहते ती गावची मंडळी.

‘देवावर भरवसा असेल तर तयारी कशाला?’ असे काही वडीलधारी विचारतात. त्यांना मी नम्रपणे विचारीन, नोहाने तारू कधी बांधले? पाऊस सुरू होण्यापूर्वी. योसेफाने धान्य कधी साठवले? सुकाळाच्या सात वर्षांत. आणि अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदीयातील बांधवांसाठी मदत पाठवायचे ठरवले, ते दुष्काळ पडणार अशी सूचना मिळताच, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. तयारी म्हणजे अविश्वास नव्हे, हे शास्त्रच सांगते.

आणि संकटे काय आपल्याकडे पाहुणी आहेत? २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला, लोक अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहर थेंबाथेंबासाठी तडफडले. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. एका दिशेला वर्धा, दुसऱ्या दिशेला पैनगंगा आणि मध्ये कोरडवाहू शेती. जिल्हा असा असताना ‘अचानक’ हा शब्द आपण किती दिवस वापरणार?

मग मंडळीने करावे तरी काय? पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. मंडळीजवळ जे आहे ते पुष्कळांजवळ नाही. आठवड्यातून एकदा सगळी कुटुंबे एकत्र येतात, कोण आले नाही ते लगेच कळते. इमारत आहे, घंटा आहे, महिला मंडळ आहे, तरुण संघ आहे.

पहिले काम वहीचे. नाल्याकाठी कोण राहते, एकटी म्हातारी कोण, गरोदर कोण, अंथरुणाला कोण खिळले आहे, ट्रॅक्टर कोणाकडे आहे, पोहता कोणाला येते, परिचारिका कोण, हे सगळे एका वहीत असावे आणि दर मृगाला ती नव्याने लिहावी. दुसरे काम इमारतीचे. पत्रे घट्ट आहेत का, पाण्याची टाकी व संडास धड आहेत का हे पाहावे आणि किल्ली दोन घरी ठेवावी. तिसरे काम शिकण्याचे. प्रथमोपचार, पाणी उकळून व निर्जंतुक करून पिणे, साप चावल्यास मांत्रिकाकडे न जाता सरळ दवाखाना गाठणे, विजा कडाडू लागताच झाडाखाली न थांबणे, हे शब्बाथशाळेतील पोरांनाही शिकवता येईल. चौथे काम निधीचे. मिझोरममधील मंडळ्यांत बाया रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. आपल्याकडे मूठभर ज्वारी काढायला काय हरकत आहे? मात्र त्या निधीचा हिशेब उपासनेत मोठ्याने वाचला पाहिजे. पाचवे काम संबंधांचे. तलाठी, पोलीस पाटील, तहसीलदार यांना आपली वही व इमारत ठाऊक असावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक चर्चच्या दारावर रंगवलेला असावा.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. ‘तुमचे पूर्वज दुष्काळात पोटासाठी बाटले,’ हा टोमणा मी शाळेत ऐकला आहे. भुकेल्या पोराला भाकर देणाऱ्याचा मला अभिमान वाटतो, लाज मुळीच वाटत नाही. परंतु त्या टोमण्यातून एक शहाणपण घ्यावे. संकटाच्या वेळी मदतीबरोबर प्रवचन नको, पत्रके नकोत, नाव विचारून पोळी वाढणे तर नकोच नको. आणि आपल्याच सभासदांपुरती मदत, हीही तितकीच वाईट. शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला त्याची जात विचारली नव्हती. म्हणून ही वही फक्त सभासदांची नसावी, साऱ्या वस्तीची असावी. आणि ती लिहिताना विहारातली, देवळातली, मशिदीतली पोरेही बरोबर असावीत.

आणखी एक. पूर दिसतो, भूकंप दिसतो. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याच्या घरातील संकट दिसत नाही. तो गेल्यावर तेरा दिवस लोक येतात. चौदाव्या दिवशी त्या बाईला तलाठ्याकडे कागद घेऊन जायला कोण सोबत करते? ज्या मंडळीला हे काम जमेल, तिला पुराचेही काम जमेल.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, श्रमदान करतो. येत्या शिबिरात एका गावाची अशी वही तयार करावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. पाच पिढ्यांपूर्वी आमच्या घराने घेतले. घेणाऱ्याने कधीतरी देणारा व्हावे, आणि त्यासाठी पुढच्या संकटाची वाट पाहू नये.